गेमचा कॉम्प्युटर थांबू दे, आधी बाबांची एफडी

कांदिवलीच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय 34, आयटी सपोर्टमध्ये नोकरी, हातात महिन्याला 62 हजार, बायको घरी शिकवण्या घेते, मुलगी पहिलीत, वडील 71 वर्षांचे आणि सोबतच राहतात. गेली तीन वर्षं हे घरच्या डेस्कटॉपवर एक मड चालवतायत, म्हणजे चित्रं नसलेला, नुसता टाइप करून खेळायचा ऑनलाइन गेम, "उत्तरेला जा", "दार उघड" असा, आणि तोही चक्क मराठीत. 22 जण नियमित खेळतात म्हणून कॉम्प्युटर दिवसरात्र चालू. आता त्यांना 85 हजारांचा गेमिंग पीसी आणि मोठा यूपीएस ईएमआयवर घ्यायचाय, कारण पुढे 300 मेंबर झाले की प्रत्येकी महिना 99 रुपये लावून खर्च निघेल. घ्यावा का, हा प्रश्न. आणि शेवटी जाता जाता एक ओळ, "हप्त्याचं टेन्शन नाही, बाबांची 6 लाखांची एफडी मोडून बँकेतल्या मॅडमनी गॅरंटीड योजनेत टाकलीय, दीड लाखावर 180 टक्के मिळतात, आणि बाबांना वर्षाला 48 हजार व्याजासारखे येत राहतील." सोबत बॉन्डच्या पानाचा फोटो.

तो फोटो मोठा करून मी तीनदा वाचला. कॉम्प्युटरचं सांगते, पण नंतर. तो वर्षाला दहा हजारांचा प्रश्न आहे, हा 6 लाखांचा आहे आणि याला तारीख आहे.

तुम्ही घेतलीय ती एफडी नाही, विम्याची पॉलिसी आहे. तुमच्या नावावर, तुमच्या आयुष्यावर. फोटोत खालून चौथी ओळ बघा, प्रीमियम भरायची मुदत, तिथे 10 वर्षं लिहिलंय. म्हणजे दीड लाख एकदा नाही, दरवर्षी, दहा वेळा. 6 लाखांतले दीड लाख गेले, उरलेले साडेचार लाख बचत खात्यात पडलेत आणि "तिथून आपोआप जातील" असं मॅडम म्हणाल्या म्हणून तुम्ही निवांत आहात, पण ते पुढचे तीनच हप्ते. त्यानंतरचे सहा हप्ते म्हणजे 9 लाख कोण भरणार? तुम्हीच, महिन्याला साडेबारा हजार बाजूला काढून, सलग सहा वर्षं. 62 हजारांत, मुलीची शाळा सांभाळून.

आता ते 180 टक्के. हा परतावा नाही हो! दीड लाखाचे 180 टक्के म्हणजे 2 लाख 70 हजार, ते वर्षाला मिळणार हे खरं, पण बारावं वर्ष संपल्यावर सुरू होणार आणि दहा वर्षं मिळणार. भरायचे 15 लाख, मिळायचे 27 लाख. ऐकायला छान वाटतं, पण पैसे जातात आणि परत येतात यात सरासरी बारा वर्षांचं अंतर आहे, आणि बारा वर्षांत पैसे दुप्पट व्हायला 6 टक्के पुरतात, इथे तर दुप्पटही होत नाहीत. म्हणजे साधारण 5 टक्के, आणि त्यासाठी बावीस वर्षं अडकून राहायचं. पहिला पैसा येईल तेव्हा बाबा 83 वर्षांचे असतील. औषधांसाठी ठेवलेली एफडी होती ना ती, तुम्हीच लिहिलंय. आणि तुम्ही पाठवलेल्या पानावर 48 हजार हा आकडा कुठेच नाही.

मला या प्रकाराचा संताप येतो आणि तो लपवणार नाही. म्हातारा माणूस एफडी रिन्यू करायला जातो, समोरची मुलगी "काका, यात जास्त मिळतंय" म्हणते, पहिल्या वर्षाच्या प्रीमियमवर विकणाऱ्याला सगळ्यात जाड कमिशन असतं, वय जास्त म्हणून पॉलिसी मुलाच्या नावावर काढायची, आणि व्हेरिफिकेशनचा कॉल आला की सगळ्याला हो म्हणायचं असं आधीच सांगून ठेवायचं. माझ्या मामीच्या बाबतीत मला चौथ्या महिन्यात कळलं. बॉन्ड कपाटात साड्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड, पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. तोवर पॉलिसी परत करायची मुदत गेली होती, एक लाखावर जवळजवळ पाणी सोडावं लागलं.

तुमची मुदत गेलेली नाही. बॉन्ड हातात पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, त्याला फ्री लुक म्हणतात. तुमचं पाकीट 9 दिवसांपूर्वी आलं पण ईमेलवर पीडीएफ 17 दिवसांपूर्वी आलंय असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा वाद नको, ईमेलपासूनच मोजा. हातात 13 दिवस आहेत, त्यातले दोन वापरा. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्यायचा, बँकेत नाही. बँकेतल्या मॅडम "मी बघते, पुढच्या आठवड्यात या" म्हणतील आणि दिवस जातील. अर्जात साधं लिहा की एफडीसारखी योजना आहे असं सांगून विकली, दरवर्षी प्रीमियम आहे हे सांगितलं नाही, अटी मान्य नाहीत, फ्री लुकमध्ये रद्द करावी. मूळ बॉन्ड, कॅन्सल चेक, आणि झेरॉक्सवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्यायचीच. तोच अर्ज स्कॅन करून कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेलही करा. झालेल्या दिवसांचा विम्याचा खर्च, स्टॅम्प ड्युटी आणि मेडिकल झाली असेल तर तिचे पैसे कापून बाकी सगळे परत येतात. त्याच दिवशी ऑटो डेबिट बंद करा. कंपनीने टाळाटाळ केली तर इर्डाच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार, फोन करायचा असेल तर 155255, आणि तरी नाही ऐकलं तर सांताक्रूझला विमा लोकपालांचं ऑफिस आहे, तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही.

पैसे आले की बाबांच्या नावाने पोस्टात किंवा बँकेत सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम उघडा. सध्या 8.2 टक्के आहे, 6 लाखांवर वर्षाला 49,200, दर तिमाहीला 12,300 बाबांच्या खात्यात. म्हणजे मॅडमनी तोंडी सांगितलेले 48 हजार सरकारी योजनेत खरंच मिळतात, वर मुद्दलही पाच वर्षांनी जागेवर. सगळे 6 टाकू नका, लाखभर साध्या एफडीत ठेवा, दवाखान्याची वेळ आली तर पटकन मोडता येईल.

पॉलिसी परत गेली की तिचं 15 लाखांचं विमा कव्हरही जाणार, पण मुलगी पहिलीत असताना 15 लाख पुरणारही नव्हते. एक कोटीची टर्म पॉलिसी घ्या, तुमच्या वयाला वर्षाला साधारण 12 ते 15 हजार, तब्येतीप्रमाणे थोडं इकडेतिकडे, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. शेवटी काहीच परत मिळत नाही म्हणून नाक मुरडू नका.

हं, आता कॉम्प्युटर.

85 हजारांचा गेमिंग पीसी कशासाठी? ग्राफिक्स कार्ड चित्रं काढायला लागतं, तुमच्या गेममध्ये एकही चित्र नाही. रॉय ट्रबशॉने 1978 साली एसेक्स विद्यापीठात पहिला मड सुरू केला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला, तेव्हा अख्ख्या विद्यापीठाच्या मशीनची ताकद आज तुमच्या खिशातल्या फोनएवढीही नव्हती. 22 माणसांनी टाइप केलेल्या ओळी सांभाळायला कितीसं बळ लागतं? नवा पीसी नकोच, ईएमआयवर तर मुळीच नको.

पण आत्ताचा डेस्कटॉप चालू ठेवणंही महाग पडतंय. स्क्रीन बंद ठेवून 100 वॅट धरा, चोवीस तास, तीस दिवस, 72 युनिट. तुमचं बिल 340 युनिटचं आहे, हा बंद असता तर 270 च्या आत असतं, म्हणजे त्यातले 40 युनिट निव्वळ गेममुळे 300 च्या वरच्या महागड्या स्लॅबमध्ये जातायत. सगळं धरून युनिटला 12 रुपये लावले तर महिन्याला 860, वर्षाला दहा हजारांच्या वर. बायकोचा स्क्रीन तडकलेला जुना लॅपटॉप पडून आहे ना, त्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारी लिनक्स सिस्टिम टाकून सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्रॅम, तिथे हलवा. झाकण लावून 15 वॅट, महिन्याला 11 युनिट, 130 रुपये. त्याला स्वतःची बॅटरी आहे म्हणजे यूपीएसही नको, फक्त बॅटरी फुगलेली नाही ना ते उलटा करून बघा, फुगली असेल तर बदलल्याशिवाय चालू ठेवू नका. मुंबईत लाइट तशी क्वचितच जाते, 12 ऑक्टोबर 2020 सारखा दिवस एखादाच, तरी राउटरला हजार-दीड हजाराचा छोटा यूपीएस लावा, नाहीतर लॅपटॉप चालू आणि नेट बंद.

किंवा महिना 500 वाला क्लाउड सर्व्हर, म्हणजे नेटवरून भाड्याने मिळणारा कॉम्प्युटर, घ्या, वर्षाला 6 हजार, त्यात घरच्या नेटला कायमचा एकच पत्ता मिळावा म्हणून तुम्ही भरता ते स्टॅटिक आयपीचे 200 वाचतात. मी तुमच्या जागी असते तर आधी लॅपटॉपच वापरला असता. पण काहीही करा, ज्या कॉम्प्युटरवर बाबांचं नेट बँकिंग आणि आधारचे स्कॅन आहेत त्याचाच पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचं दार, बाहेरच्यांसाठी उघडा ठेवू नका, असे गेम ज्या जुन्या टेलनेट पद्धतीने जोडले जातात तिच्यावर पासवर्डसुद्धा उघडाच जातो.

आणि 300 मेंबर गुणिले 99 हे गणित वहीतून खोडून टाका. तीन वर्षांत 22 झालेत. शिवाय तुम्ही गेम सर्कलमड या तयार कोडवर बांधलाय म्हणता, ते कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांच्या डिकूमड या आधीच्या मडवरून आलेलं आहे आणि त्याच्या लायसन्समध्ये या कोडवर नफा कमवायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय. मेंबरशिप लावायची तर सगळा कोड नव्याने लिहावा लागेल. छंद म्हणून जरूर चालवा, त्या जुन्या कोडमध्ये देवनागरी बसवायला तुम्ही किती रात्री घालवल्या असतील ते कळतंय मला, महिन्याला 130 रुपयांत असा आनंद मिळत असेल तर त्यावर माझी काहीच हरकत नाही.

सर्व्हर रविवारी हलवा. अर्ज मात्र उद्याच द्या, अर्धी सुट्टी टाका, बाबांना सोबत न्या, आणि शिक्क्याच्या पोचेचा फोटो मला पाठवा.