ख्रिसमसच्या सुट्टीत घरातले सगळे धडधाकट राहावेत यासाठी काय करावं?

तुमच्या घरात चार महिन्यांचं बाळ आहे, शाळेत जाणारी दोन मुलं आहेत आणि सुट्टीला मधुमेह-रक्तदाब असलेले सासू-सासरे येणार आहेत. दर ख्रिसमसला कुणी ना कुणी अंथरूण धरतं, म्हणून यंदा खाण्यापिण्यावर कडक बंधनं घालावीत का, असं विचारलंय तुम्ही. आणि सर्दी-खोकला झालेल्या नातेवाइकांना येऊ नका असं कसं सांगायचं, हेही.

बंधनं घालू नका. मी कॅज्युअल्टीत नर्स आहे. केकचा एक तुकडा जास्त झाला म्हणून आमच्याकडे कुणी येत नाही. लोक येतात ते न धुतलेले हात, रात्रभर बाहेर राहिलेलं अन्न आणि घरी विसरलेल्या गोळ्या यांच्यामुळे. वजनाचंच म्हणाल तर, अमेरिकेत 195 प्रौढांची सुट्टीच्या काळातली वजनं मोजून केलेला अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. सरासरी वाढ अर्ध्या किलोहूनही कमी निघाली. ती पुढे उतरली मात्र नाही, पण तो वर्षभराचा प्रश्न झाला. त्यासाठी सणाच्या ताटावर पहारा बसवून घरात रुसवेफुगवे कशाला?

माझा खरा वैरी उलट्या-जुलाब. थंडीच्या दिवसांत नोरोव्हायरस एका माणसापासून बघता बघता अख्ख्या घराला धरतो. पोटात गेल्यापासून साधारण 12 ते 48 तासांत त्रास सुरू होतो, म्हणजे पाहुणे परत जाईपर्यंत सगळे आडवे. यात एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: सॅनिटायझरवर भरवसा ठेवून चालत नाही, या विषाणूवर तो फारसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, निदान 20 सेकंद, संडासहून आल्यावर, डायपर बदलल्यावर आणि स्वयंपाकाला लागण्याआधी. कुणाला उलटी झालीच तर हातमोजे घालून पुसा, मग जागा ब्लीचच्या द्रावणाने स्वच्छ करा, कपडे गरम पाण्यात वेगळे धुवा. जमत असेल तर त्या माणसाला वेगळं बाथरूम द्या. आणि त्रास थांबल्यावरही पुढचे 48 तास त्याने दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही, वाढायचंही नाही. "आता बरं वाटतंय" म्हणत ओट्याशी उभी राहणारी मंडळीच पुढची साखळी सुरू करतात.

मुलांना ओआरएस चमच्याचमच्याने, थोड्या थोड्या वेळाने द्या. ग्लासभर एकदम पाजलं की उलटून पडतं. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, तोंड कोरडं पडलं, सात-आठ तास लघवी झाली नाही, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. चार महिन्यांच्या बाळाला उलट्या-जुलाब लागले तर एवढंही थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

आता अन्न. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवायचं नाही. गप्पा रंगल्या की नेमका हाच नियम मोडतो, म्हणून जेवणं झाल्या झाल्या एकाच माणसावर झाकपाकीचं काम सोपवून द्या. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकलू नका, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. उथळ डब्यांत काढा. फ्रिज 5 अंशांच्या आत हवा, आणि सुट्टीत तो इतका गच्च भरतो की आत हवाच खेळत नाही. पेयांच्या बाटल्या बाहेर काढल्या तरी पुष्कळ फरक पडतो. उरलेलं तीन दिवसांत संपवा. गरम करताना वाफा येईपर्यंत, आतपर्यंत, 70 अंशांवर जाईल असं, आणि लागेल तेवढंच एकदा. भाताची खास काळजी घ्या. बाहेर राहिलेल्या भातात एक जिवाणू असं विष तयार करतो की नंतर कितीही उकळलं तरी ते जात नाही.

बाळाबद्दल मी तुमच्याहून जास्त कडक आहे. मोठ्यांची साधी सर्दी म्हणजे इतक्या लहान बाळासाठी श्वासनलिकांना सूज आणणारा आजार ठरू शकतो. फ्लूची लस सहा महिन्यांच्या आत देत नाहीत, म्हणून आजूबाजूच्यांनी घ्यावी. तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा आत्ताच. बाळाचे मुके घेणं बंद, कुणाचंही मन दुखलं तरी. हात धुतल्याशिवाय उचलायचं नाही. कौतुकाने कुणी मध चाटवायला आलं तर तिथेच थांबवा, वर्षाच्या आत मध अजिबात नाही. श्वास भराभर चालतोय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ दूध ओढत नाहीये, यातलं एकही दिसलं तर थेट दवाखाना.

सासू-सासऱ्यांना निघण्याआधीच फोन करून गोळ्या मोजायला सांगा. सुट्टीच्या दिवसांपेक्षा आठवडाभराच्या जास्त हव्यात आणि सोबत प्रिस्क्रिप्शनचा फोटो. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या असतील तर जेवणाच्या वेळा फार लांबवू नका. वर मद्यही घेतलं असेल तर साखर मध्यरात्री, झोपेत उतरू शकते. स्वीडनमध्ये 1998 ते 2013 या काळातल्या हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद तपासली तेव्हा 24 डिसेंबरला धोका 37 टक्क्यांनी जास्त आढळला, त्यातही रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक, आणि वयस्क, मधुमेही माणसांत अधिक. छातीत दडपण आलं की घरचे म्हणतात, जेवण जड झालं, गॅस झालाय, सकाळी बघू. सण मोडायला नको म्हणून आजारी माणूसही गप्प बसतो. घाम, धाप, हात किंवा जबडा दुखणं सोबत असेल तर ॲम्ब्युलन्स बोलवा. गॅस निघाला तर आम्ही हसतमुखाने घरी पाठवतो.

खेळण्यांमधले बटणासारखे चपटे सेल तेवढे तपासा. झाकण स्क्रूने बंद होतंय ना ते बघा, नाहीतर खेळणं कपाटात जाऊ द्या. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही ती भाजू शकते. उलटी काढायला जाऊ नका, तडक रुग्णालय गाठा.

झोप आणि व्यायाम याबद्दल फार सांगत नाही. मुलं रात्री उशिरा झोपणारच. सकाळी उठण्याची वेळ फार सरकू दिली नाही की शाळा सुरू होताना रडारड कमी होते. जेवणानंतर सगळ्यांना घेऊन अर्धा तास चालून या, सासऱ्यांनाही. घरात तेवढीच शांतता.

राहिलं नातेवाइकांना सांगण्याचं. आयत्या वेळी दारात सांगायला जड जातं, म्हणून आठवडाभर आधी सगळ्यांना एकच निरोप पाठवा: "बाळ लहान आहे. कुणाला ताप, खोकला किंवा पोटाचा त्रास असेल तर यंदा व्हिडिओ कॉलवर भेटू, बरं वाटलं की जानेवारीत जेवायलाच या." सगळ्यांनाच गेला की कुणा एकाला बोल लागत नाही. तरीही कुणी शिंकत आलंच, तर खिडकी उघडा, त्यांना मास्क द्या आणि बाळाला घेऊन तुम्ही दुसऱ्या खोलीत जा.