इंग्रजीतल्या ‘बाय’ (बी-वाय) या शब्दाचे नेमके अर्थ कोणते? ‘पर्यंत’साठी ‘बाय’ वापरायचा की ‘टिल’?

निरोपाचा ‘बाय’ आणि खरेदीचा ‘बाय’ हे वेगळे शब्द, ते बाजूला ठेवू. या ‘बाय’ला मराठीत एकच प्रतिशब्द नाही. ‘ने’, ‘कडून’, ‘पर्यंत’, ‘शेजारी’ हे सगळे त्याचेच अर्थ, आणि घोटाळा सर्वांत जास्त होतो तो ‘पर्यंत’मध्ये.

मराठीत आपण ‘शुक्रवारपर्यंत पैसे देतो’ म्हणतो आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबतो’ही म्हणतो. पैसे मुदतीच्या आत एकदाच दिले जातात, म्हणून तिथे ‘बाय फ्रायडे’. थांबणं मात्र त्या दिवसापर्यंत सलग चालू राहतं, म्हणून ‘टिल’ किंवा ‘अन्टिल फ्रायडे’. ‘आय विल वेट बाय फ्रायडे’ हे सरळ चूक.

नकारात हा फरक आणखी बोचतो. ‘इट वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार आला तरी काम अपुरंच असेल, पुढे कधी होईल ते सांगितलेलं नाही. ‘इट वोन्ट बी रेडी अन्टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारच्या आधी होणार नाही, पण शुक्रवारी मिळेल. ग्राहकाला मेल लिहिताना इथे गफलत झाली की भांडण ठरलेलं. ‘बाय फ्रायडे’त शुक्रवार सहसा धरतात, पण करारात ‘ऑन ऑर बिफोर’ लिहिलेलं बरं.

आता ‘ने’. ‘खिडकी मुलाने फोडली’ आणि ‘खिडकी दगडाने फोडली’, दोन्हीकडे ‘ने’च. इंग्रजीच्या कर्मणी प्रयोगात फोडणारा ‘बाय’ घेतो, हत्यार ‘विथ’ घेतं: ‘ब्रोकन बाय अ बॉय’, ‘ब्रोकन विथ अ स्टोन’. ‘बाय अ स्टोन’ म्हटलंत तर दगड आपसूक येऊन आदळल्यासारखं वाटतं.

वाहनाला ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’. मध्ये ‘अ’, ‘द’, ‘माय’ काही नको. गाडी कोणाची ते सांगायचंच असेल तर ‘इन माय कार’. पायी मात्र ‘ऑन फूट’.

आकड्यांत ‘बाय’ फरक दाखवतो. 50 चे 60 झाले, तर वाढ ‘बाय 10’ आणि पोहोचलो ‘टू 60’. अहवालात या दोन शब्दांची अदलाबदल झाली, तर आकडा बरोबर असूनही वाक्य खोटं ठरतं.

‘शेजारी’ हा अर्थ सोपा: ‘बाय द विंडो’, खिडकीपाशी.