एवढ्या कंपन्या केल्या, तरी मी फ्रेशरच?

प्रश्न: ताई, मी हिंगोली जिल्ह्यातला, आयटीआय फिटर. चाकणला ठेकेदाराकडून कामाला आहे. सहा-सात महिने झाले की ब्रेक देतात, मग दुसरा ठेकेदार, दुसरी कंपनी. लाईनवर शेजारी तेच काम करणारा परमनंट माणूस दुपटीहून जास्त पगार घेतो. इंटरव्ह्यूला गेलं की म्हणतात तू फ्रेशर. घरचे म्हणतात गावाकडं ये. माझंच काही कमी पडतंय का?

उत्तर: नाही रे बाबा, ते आधी डोक्यातून काढ. वर्षात २४० दिवस भरले की कायद्यानं सलग सेवा धरली जाते, मग कामावरून काढताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागते, म्हणून त्याच्या आतच ब्रेक. काम तू कंपनीचं करतोस पण कागदावर नाव ठेकेदाराचं, त्यामुळे हातात कसब येऊनही अनुभवाचा दाखला मिळत नाही आणि पुढच्या गेटवर परत शून्यापासून सुरुवात. तिकडं गावाकडं बघ, सरकारच्या दांडेकर समितीनं १९८४ साली मराठवाडा-विदर्भाचा अनुशेष, म्हणजे विकासात हा भाग किती मागं राहिला ते, मोजून दिला, तो भरून काढायला १९९४ला विकास मंडळं आली, २०२०च्या एप्रिलमध्ये त्यांची मुदत संपली, पण हिंगोलीच्या फिटरला हिंगोलीत काम काही आलं नाही, मग पोरं रात्रीची ट्रॅव्हल्स धरून चाकणला येणार आणि कॉट बेसिसवर राहणार, आणि घरी परतायचा रस्ता बंद आहे हे ठेकेदाराला पक्कं माहीत असतं, म्हणून तो रेट पाडतो. मला याची फार चीड येते.

आता तुझ्या हातातलं सांगते. दर ब्रेकला पीएफ काढायची पोरांना सवय लागलीय, ती मोड. पीएफसोबतच पेन्शनचा हिस्साही जमा होतो, त्या पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते आणि पेन्शनचे पैसे उचलले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, एकच ठेव, नवा ठेकेदार नवा काढायला लागला तर जुनाच दे. पगाराच्या स्लिपा, गेटपासचे फोटो जपून ठेव, कुठं काय काम केलं त्याचा तोच पुरावा. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ कंपनीनं द्यायचा असं कायदा सांगतो, तेव्हा गप्प बसू नको, सरळ कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज दे, आणि एकटा जाऊ नको, लाईनवरची चार पोरं सोबत घे.

गावाकडं जायचंच तर आधी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत काम बघ, घर त्यातल्या त्यात जवळ पडेल. आणि रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीला आयटीआय फिटर चालतो, वयाची अट आहे, तेव्हा पुढची जाहिरात सोडू नको.