वाचकांचे प्रश्न : लेहची वाट आणि मुक्कामाची उंची

प्रश्न : माझे वय 54 असून येत्या जुलैमध्ये मी आणि माझा मुलगा दोन मोटरसायकलींवर मनालीहून लेहला जाण्याचे ठरवत आहोत. पसरणी आणि आंबेनळी हे घाट आमच्या रोजच्या पायाखालचे आहेत. सरचूला एक मुक्काम केला की दोन दिवसांत लेह गाठता येते, असे मुलाचे म्हणणे आहे. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. हा बेत योग्य आहे का? (एक वाचक, वाई)

उत्तर : आपण जरूर जावे, मात्र दोन दिवसांचा हिशेब सोडून द्यावा आणि जमल्यास प्रवासाची दिशाही उलटी करावी. आंबेनळीत बसलेला हात लडाखच्या वळणांवर उपयोगी पडतो, पण फुप्फुसांना त्याचा काही उपयोग नाही. आपले कळसूबाई शिखर 1646 मीटरचे आहे, तर लेहच्या वाटेवरची तांगलांग ला ही खिंड (तिकडच्या नावांतल्या ‘ला’चा अर्थच खिंड) 5328 मीटरवर, म्हणजे तिपटीहून अधिक उंचीवर आहे, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो.

तरीही माझी चिंता खिंडीची नाही. खिंडीवर आपण फोटो काढण्यापुरते, फार तर अर्धा तास थांबतो आणि उतरू लागतो. शरीराची खरी परीक्षा रात्रीच्या मुक्कामात होते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. मनाली सुमारे 2050 मीटरवर आणि सरचू सुमारे 4290 मीटरवर आहे. आपल्या मुलाच्या बेतात ही सगळी चढण एका दिवसात होते.

पहिल्या खेपेला आम्हीही हेच केले होते. सरचूच्या तंबूत पिशवीतून काढलेला चिवड्याचा पुडा विरळ हवेत फुटबॉलसारखा टम्म फुगला होता आणि आम्ही तो हातोहात फिरवत हसत होतो. आमच्यातला सर्वांत दणकट गडी मात्र एका कडेला डोके धरून बसला होता. मध्यरात्री तो बाहेर जायला उठला तेव्हा त्याचे पाय सरळ पडत नव्हते. अशी झोकांडी जाणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही लक्षणे दिसली की सकाळची वाट न पाहता खाली उतरायचे असते. सरचूची खरी अडचण इथेच आहे. हे ठिकाण दोन खिंडींच्या मधोमध असल्यामुळे मनालीकडे उतरायचे तर आधी सुमारे 4890 मीटरची बारालाचा ला चढावी लागते, आणि लेहकडे निघालात तर त्याहूनही उंच असलेली लाचुलुंग ला. आम्ही त्याला जीपमध्ये घालून बारालाचा ओलांडून खालच्या केलाँग गावी नेले. तो वाचला, पण त्या चढणीचा प्रत्येक मिनिट मला आजही आठवतो.

म्हणून माझा सल्ला असा की, गाड्या रेल्वेच्या पार्सलने जम्मूला पाठवाव्यात (टाकी रिकामी करून द्यावी लागते) आणि श्रीनगरमार्गे लेहला जावे. या वाटेवर 3528 मीटरची झोजी ला ओलांडून आपण सुमारे 2700 मीटरवरच्या कारगिलला झोपायला उतरता. दुसऱ्या दिवशी 4108 मीटरची फोटू ला ओलांडून सुमारे 3500 मीटरवरच्या लेहला पोहोचता. चढायचे उंच आणि झोपायचे खाली, हे तत्त्व ही वाट आपोआप पाळते. लेहमध्ये पूर्ण दोन दिवस विश्रांती घ्यावी. परतताना मनालीची वाट धरली, तर तोवर शरीर सरावलेले असते आणि तोच सरचूचा मुक्काम पुष्कळ सोपा जातो.

मनालीहूनच जायचे असल्यास केलाँगच्या पुढच्या जिस्पाला किमान दोन रात्री काढाव्यात आणि मधल्या दिवशी बारालाचापर्यंत जाऊन पुन्हा जिस्पाला झोपायला यावे. 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनाली ते जिस्पा हे अंतर निवांतपणे कापता येते. त्यामुळेच लोक पुढे रेटत राहतात, आणि ते मला धोक्याचे वाटते. रक्तदाब आटोक्यात असेल तर तेवढ्या कारणाने जाणे टाळावे लागत नाही, पण निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे आणि उंचीच्या त्रासावरची असिटाझोलामाइड ही गोळी केवळ त्यांच्या सांगण्यावरूनच घ्यावी.

प्रश्न : माझी गाडी जुनी, कार्ब्युरेटरची आहे. ती या वाटेवर चालेल का? पेट्रोलचे आणि वाटेतल्या नाल्यांचे काय करावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : चालेल. विरळ हवेत पेट्रोलचे प्रमाण जास्त होऊन गाडी दबते आणि काळा धूर सोडते. एअर फिल्टर स्वच्छ ठेवावा, सामान कमी करावे आणि खालच्या गिअरमध्ये शांतपणे चढावे. मनालीहून जाताना केलाँगच्या अलीकडे लागणाऱ्या टांडीच्या पंपानंतर लेहच्या अलीकडच्या कारूपर्यंत तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर पंपाशिवाय कापावे लागते, म्हणून टाकी काठोकाठ भरून पाच लिटर पेट्रोल वेगळे घ्यावे. क्लचची केबल आणि ट्यूब सोबत हवीच. सिमकार्ड पोस्टपेड घ्यावे. बाहेरचे प्रीपेड कार्ड लडाखमध्ये चालत नाही.

नाल्यांचे पाणी वितळत्या बर्फाचे असते. सकाळी ते घोट्याइतके असते आणि ऊन चढले की तोच नाला दुपारी गुडघ्याच्या वर येतो. त्यामुळे मुक्काम पहाटे सोडावा. पुढच्या ट्रकची चाके कुठून गेली ते नीट पाहून, पहिल्या गिअरमध्ये, थ्रॉटल न सोडता पार व्हावे. मध्येच इंजिन बंद पडले आणि पाणी आत शिरल्याची शंका आली, तर स्टार्टर मारू नये. गाडी ढकलत काठावर आणावी आणि प्लग काढून पाणी निघाल्याची खात्री करावी. बूट भिजणारच, तेव्हा कोरड्या मोज्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सामानात अगदी वर ठेवावा.