वाचकांचे प्रश्न : डिप्लोमापासून मेकॅनिकलच्या पदवीपर्यंत

प्रश्न : पणजीच्या सरकारी तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा पूर्ण करून मला चार वर्षे झाली. सध्या मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात पर्यवेक्षक आहे. पदवी असल्याशिवाय पुढची बढती नाही, असे आमच्याकडे स्पष्ट सांगितले जाते. नोकरी सोडून पूर्णवेळ शिकावे की नोकरी करीतच पदवी मिळवावी? आणि एवढ्या खंडानंतर हा अभ्यास मला झेपेल का?
— एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि त्यांतील दुसरा अधिक महत्त्वाचा आहे, परंतु पहिल्याचा निर्णय झाल्याखेरीज दुसऱ्याकडे वळता येत नाही, म्हणून आधी प्रवेशाच्या वाटा पाहू.

सर्वांत भरवशाची वाट म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजेच तिसऱ्या सत्राला, थेट प्रवेश. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांनुसार अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेचा डिप्लोमा किमान ४५ टक्के गुणांनी, आणि राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुणांनी, उत्तीर्ण झालेला उमेदवार या प्रवेशाला पात्र ठरतो. त्यासाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के जागा अतिरिक्त असतात, म्हणजे ६० जणांच्या वर्गाला ६ जागा, आणि पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागांची त्यांत भर पडते. गोव्यातील हे प्रवेश पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होतात. फर्मागुडीचे १९६७ साली सुरू झालेले गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय, वेर्ण्याचे पाद्रे कॉन्सेसांव, फातोर्ड्याचे डॉन बॉस्को आणि आसगावचे आग्नेल ही गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आपल्या विचारात असावीत. फर्मागुडीच्या अतिरिक्त जागा मोजक्याच आणि त्यांवर डोळा ठेवणारे पुष्कळ, त्यामुळे डिप्लोमाचे गुण मध्यम असतील तर पसंतीक्रम भरताना इतर महाविद्यालयांना दुय्यम लेखू नये.

या वाटेची किंमत मात्र उघड आहे : तीन वर्षे पगार नाही. वर्गात ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असल्यामुळे पाळीची नोकरी सांभाळून नियमित महाविद्यालय करणे शक्य होत नाही, आणि ‘हजेरीचे बघून घेऊ’ असे सांगणाऱ्या सहकाऱ्यांवर विसंबून राहणे तर मुळीच शहाणपणाचे नाही. शुल्काच्या बाबतीत गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जयोजनेची चौकशी आपण अवश्य करावी. कागदपत्रांपैकी रहिवासी दाखल्याला मामलेदार कार्यालयात वेळ लागतो, तेव्हा जाहिरात निघण्याची वाट न पाहता त्यासाठी आधीच अर्ज केलेला बरा.

नोकरी न सोडता पदवी मिळवण्याच्या दोन ग्राह्य वाटा आज आहेत. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून तंत्रशिक्षण परिषदेने मान्यताप्राप्त महाविद्यालयांना नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत, बहुधा संध्याकाळी, पदवीचे वर्ग चालवण्याची मुभा दिली आहे. त्यासाठी किमान एक वर्षाचा पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो आणि नोकरीचे ठिकाण महाविद्यालयापासून ठरावीक अंतराच्या आत असावे लागते. आपण या दोन्ही अटी सहज पूर्ण कराल. परंतु ही परवानगी प्रत्येक महाविद्यालयाला आणि प्रत्येक शाखेला स्वतंत्रपणे घ्यावी लागते, म्हणून वेर्णा, फातोर्डा आणि फर्मागुडी येथे जाऊन ‘मेकॅनिकलसाठी यंदा परवानगी आहे का’ एवढाच नेमका प्रश्न विचारावा आणि मंजुरीचे पत्र डोळ्यांनी पाहावे. दुसरी वाट बिट्स पिलानीच्या नोकरदारांसाठीच्या कार्यक्रमाची. तेथे डिप्लोमाधारकांना काम करीत बी. टेक. करता येते, मात्र त्या पदव्यांची नावे उद्योगाच्या गरजेनुसार ठेवलेली असतात. त्यामुळे आपल्या कंपनीच्या बढतीच्या नियमात ‘मेकॅनिकल’ हा शब्द अनिवार्य आहे की कोणतीही अभियांत्रिकी पदवी चालते, हे मनुष्यबळ विभागाकडून लेखी घेतल्याशिवाय तिकडे वळू नये.

आता झेपेल का, याविषयी. कारखान्यात चार वर्षे काढलेल्या माणसाला दुसऱ्या वर्षाचे यंत्ररेखाटन, उत्पादनप्रक्रिया आणि मापनशास्त्र हे विषय बारावीनंतर आलेल्या मुलांपेक्षा सोपे जातात. बेअरिंग का तापले, शाफ्ट आणि कपलिंग एका रेषेत नसले म्हणजे काय होते, हे त्याने हाताने अनुभवलेले असते. अडचण होते ती गणितात, आणि ती होते म्हणजे हमखास होते. थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्याचे पदवीचे पहिले वर्ष चुकते. त्या वर्षी इतरांनी आंशिक विकलन, बहुल संकलन, अवकल समीकरणे आणि अभियांत्रिकी यांत्रिकी यांचा सराव केलेला असतो, आणि तिसऱ्या सत्राचे गणित त्या पायावरच उभे राहते. डिप्लोमात आपण तुळईच्या वाकण्याचे सूत्र पाठ करून त्यात आकडे घातले. पदवीत तेच सूत्र कोणत्या गृहीतकांवर उभे आहे, वाकण्यापूर्वी सपाट असलेला छेद वाकल्यावरही सपाटच राहतो असे का मानायचे आणि ते मानणे कोठे चुकते, हे विचारले जाते. उष्मागतिकीतही तसेच आहे. बॉयलर आणि कॉम्प्रेसर रोज हाताळणाऱ्या माणसाला पहिला नियम पटकन समजतो, पण एन्ट्रॉपीशी गाठ पडली की केवळ अनुभव पुरत नाही, तेथे कागदावर बसून विचार करावाच लागतो. पुढच्या सत्रांत कंपनांचा विषय येतो, आणि ज्या कंपनाची नोंद आपण आज पंपावर मीटर लावून घेता त्याचे अवकल समीकरण सोडवायला सांगितले जाते. त्या वेळी मात्र कारखान्यातून आलेला विद्यार्थी पुन्हा पुढे सरकतो, कारण उत्तराचा अर्थ काय, हे वर्गात बहुधा त्यालाच सांगता येते.

म्हणून माझा सल्ला असा की, प्रवेशाच्या आधीचे सहा महिने सुट्टीच्या दिवशी बारावीचे विकलन-संकलन पुन्हा करावे, त्यानंतर पहिल्या वर्षाच्या गणिताचा गोवा विद्यापीठाचा अभ्यासक्रम मिळवून त्यातील अवकल समीकरणांपर्यंत तरी पोहोचावे, आणि मगच राजीनाम्याचा विचार करावा. एवढा अभ्यास नोकरी करताना जमला तर नियमित प्रवेश घ्यावा. जमलाच नाही तर संध्याकाळच्या वर्गाचा पर्याय आपल्यासाठी अधिकच अवघड ठरेल, कारण तेथे हाच अभ्यास दिवसभराच्या कामानंतर करायचा असतो. राजीनामा देण्याआधी बिनपगारी शैक्षणिक रजेसाठी अर्ज करून पाहण्यास हरकत नाही. फार तर नकार येईल.

प्रश्न : माझ्या मुलाने आयटीआय करून नंतर डिप्लोमा पूर्ण केला. त्याचे मामा निवृत्त अभियंता असून ते ‘एएमआयई कर, घरी बसून पदवी होईल’ असे सांगतात. दुसरीकडे फोंड्यातील एक एजंट परराज्यातील विद्यापीठाची दूरशिक्षणाची बी. टेक. वर्षभरात देतो म्हणतो. यांपैकी काय करावे?
— एक पालक, सावईवेरे

उत्तर : मामांचा सल्ला त्यांच्या काळात योग्यच होता. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेच्या ‘अ’ आणि ‘ब’ विभागांच्या, म्हणजेच एएमआयईच्या, परीक्षा देऊन असंख्य डिप्लोमाधारक पदवीधरांच्या बरोबरीला आले आणि सरकारी खात्यांत वरच्या पदांपर्यंत पोहोचले. परंतु केंद्र सरकारने पुढे या समकक्षतेला मुदत घातली आणि ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच ती कायम ठेवली. त्यामुळे त्याआधी नोंदणी केलेल्यांची पात्रता अबाधित आहे. आज नव्याने नोंदणी करणाऱ्याला ज्ञान मिळेल, पण पदवीच्या जागी ते प्रमाणपत्र चालेल अशी आशा धरू नये.

एजंटाच्या बाबतीत मी अधिक स्पष्टपणे लिहितो. अभियांत्रिकीची पदवी दूरशिक्षणाने देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी ओडिशातील एका प्रकरणात निकाल देताना, अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांवर कठोर भूमिका घेतली. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या निलंबित करून त्यांना परीक्षेची संधी देण्यात आली, आणि त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्द ठरल्या. त्यांत वर्षानुवर्षे नोकरी केलेली माणसेही होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनीही अभियांत्रिकीला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीतून वगळले आहे. तीन वर्षांचा अभ्यास वर्षभरात कसा संपतो, हा प्रश्न एजंटाला विचारलात तर तो बहुधा मागील तारखेच्या नोंदणीचे आमिष दाखवील. त्या क्षणी उठून घरी यावे, कारण तो विषय शिक्षणाचा राहत नाही, बनावट कागदपत्रांचा होतो आणि त्याची झळ मुलालाच लागते.

मुलाच्या हातात डिप्लोमा आहे, तेव्हा वरील वाचकांना सांगितलेली दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची वाट त्यालाही तशीच खुली आहे. आयटीआयमुळे त्याचे काही बिघडत नाही.

प्रश्न : माझ्याकडे मेकॅनिकलचे ब्रिटिश एचएनडी (हायर नॅशनल डिप्लोमा) आहे आणि मी कुवेतमध्ये नोकरी करतो. ब्रिटनमधील विद्यापीठे एका वर्षात हे शिक्षण पदवीपर्यंत नेऊन देतात असे कळते. ते करावे की गोव्यात येऊन पदवी घ्यावी?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ब्रिटिश पद्धतीत याला टॉप-अप म्हणतात आणि त्यात गैर काही नाही. तेथील ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटांची असते, एचएनडी २४० क्रेडिटांचे आणि पाचव्या पातळीचे असते, म्हणून उरलेली १२० क्रेडिटे, म्हणजे सहाव्या पातळीचे एक पूर्ण वर्ष, केल्यावर पदवी मिळते. पाहायचे ते एवढेच की त्या विशिष्ट टॉप-अप अभ्यासक्रमाला व्यावसायिक संस्थेची, मेकॅनिकलच्या बाबतीत इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सची, मान्यता आहे का. विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या पदवीला ती असली म्हणून टॉप-अपलाही असेलच असे नाही, आणि असली तरी ती बहुधा इन्कॉर्पोरेटेड इंजिनिअरच्या, म्हणजे चार्टर्ड इंजिनिअरच्या खालच्या, पातळीपर्यंतच नेते.

आपल्यासाठी कुवेतचा मुद्दा निर्णायक आहे. तेथील अभियंत्यांच्या संघटनेने भारतीय पदवीधरांच्या बाबतीत राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाच्या, म्हणजे एनबीएच्या, मान्यतेचा आग्रह धरल्यामुळे २०१८ पासून अनेक भारतीय अभियंत्यांना परवान्याच्या नूतनीकरणात अडचणी आल्या, आणि त्यांत नामांकित महाविद्यालयांचे पदवीधरही होते. एनबीएची मान्यता महाविद्यालयाला सरसकट मिळत नाही. ती एकेका शाखेला आणि ठरावीक वर्षांपुरती मिळते. म्हणून आखातात परतण्याचाच बेत असेल तर गोव्यातील महाविद्यालय निवडताना तेथील मेकॅनिकल शाखेची मान्यता आपण उत्तीर्ण होण्याच्या वर्षाला लागू असेल का, ते एनबीएच्या संकेतस्थळावर पाहावे. शिवाय एचएनडीवर येथे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागायचा झाल्यास समकक्षतेचा प्रश्न आधी सोडवावा लागेल. हे सारे पाहता, मान्यताप्राप्त टॉप-अप मिळत असेल आणि त्याचा खर्च आपल्या आवाक्यात असेल, तर आपल्या परिस्थितीत मी त्यालाच झुकते माप देईन. मात्र तो प्रत्यक्ष वर्गात शिकवला जाणारा असावा.

प्रश्न : मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आहे. बोटीवर अभियंता होण्यासाठी आधी पदवी करणे आवश्यक आहे का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : आवश्यक नाही. डिप्लोमाधारकांसाठी नौवहन महासंचालनालयाने मंजूर केलेला दोन वर्षांचा सागरी अभियांत्रिकी अभ्यासक्रम आहे, तर मेकॅनिकलच्या पदवीधरांसाठी तो एक वर्षाचा असतो. पदवीसाठी तीन वर्षे आणि नंतरचे एक वर्ष असा हिशेब केला तर पदवीची वाट दोन वर्षांनी लांब पडते, आणि पदवीधरांच्या अभ्यासक्रमाला साधारण २८ वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे आपले वय आत्ताच पंचविशीच्या आसपास असेल तर ती वाट घेऊ नये. किनाऱ्यावरच्या नोकरीतही पुढे रस असेल, जहाजबांधणी कारखान्यात वगैरे, तर मात्र पदवी उपयोगी पडते. दोन्ही बाबतींत पैसे भरण्यापूर्वी दृष्टीची वैद्यकीय तपासणी महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून करून घ्यावी, कारण रंगांधत्व आढळल्यास प्रवेशच मिळत नाही.