लेस्टरला मराठी प्रार्थनासभा सुरू करताना

ताई, तुम्ही विचारलंय की नाशिकहून इंग्लंडमधल्या लेस्टरला गेल्यावर तिथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्च कसं रजिस्टर करायचं. रजिस्ट्रेशनचं नंतर बघू, आधी माणसं जमू द्या.

निघण्यापूर्वी शरणपूरच्या तुमच्या मंडळीतून घरातल्या सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले आणि पाळकांच्या सही-शिक्क्याचं सभासदत्वाचं पत्र इंग्रजीत घ्या. १९७० साली नागपुरात स्थापन झालेली आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नातं असलेल्या चर्चच्या जागतिक परिवारात आहे, त्यामुळे चर्च ऑफ इंग्लंडच्या पॅरिशमध्ये (स्थानिक मंडळीत) तुम्ही परक्या नाही. पहिले काही महिने रविवारी तिथेच जा. पुढे हॉल किंवा प्रभुभोजनासाठी (भाकरी आणि द्राक्षारसाच्या विधीसाठी) दीक्षित पाळक लागले, तर हीच ओळख उपयोगी पडते.

सभा महिन्यातून एकदाच, ठरलेल्या रविवारी दुपारी २ ते ३:३० ठेवा. सकाळी लोक आपापल्या चर्चला किंवा मिस्साला जातात, डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो आणि रविवारी बसही कमी असतात. दर आठवड्याला सभा घेतली की सगळा भार एकाच घरावर येतो आणि ते घर थकलं की सभा बंद पडते. घरात दहा-बारा जणच बोलवा. शेजाऱ्याची भिंत सामाईक असते, म्हणून ढोलकी नको, पेटी पुरे.

खरं लक्ष द्यायचं ते स्वागताकडे. सीएनआय, कॅथलिक, मेथडिस्ट, पेंटेकोस्टल असे सगळेच येतील. पहिल्या वर्षी प्रभुभोजन ठेवू नका. पंथ वेगळे होतात ते तिथेच, आणि एकदा दुखावलेलं माणूस परत येत नाही. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा न झालेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. तीच वृत्ती ठेवा. टिळकांची भजनं देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत छापा, कारण तिथे वाढलेल्या मुलांना बहुधा देवनागरी वाचता येत नाही. टिळकांच्या शब्दांना परवाना लागत नाही, अलीकडच्या गाण्यांना मात्र लागतो. वचन मराठीत आणि इंग्रजीत वाचा. नवीन माणसाला लगेच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकू नका, आठवड्यात एकाने फोन करा. खायला चहा आणि एकच पदार्थ ठेवा. घरोघरीचे डबे सुरू झाले की एका खोलीत राहणारे विद्यार्थी संकोचून येणं बंद करतात, आणि सोबतीची गरज त्यांनाच जास्त असते.

पंधराच्या वर माणसं झाली की पॅरिशचा हॉल ताशी भाड्याने घ्या. विमा कोणाचा आणि स्वयंपाकघर वापरता येईल का, हे लेखी घ्या. मुलांचा वर्ग असेल तर दोन मोठी माणसं कायम हवीत आणि त्यांची डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी) करून घ्या. पात्र स्वयंसेवकांकडून सरकारी फी घेत नाहीत.

अर्पण हॉलमध्ये आल्यावरच सुरू करा. आधी संस्थेची लेखी घटना (नियमावली) आणि तीन विश्वस्त ठरवा, मग दोन सह्यांचं बँक खातं उघडा. साध्या संस्थेला वर्षाला ५,००० पौंडांवर उत्पन्न गेलं की चॅरिटी कमिशनकडे (धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडे) नोंदणी करावी लागते. सीआयओ (स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असलेली धर्मादाय संस्था) हा प्रकार निवडला तर उत्पन्न कितीही असो, नोंदणी लागतेच. गिफ्ट एडसाठी (देणगीवरचा कर संस्थेला मिळवून देणाऱ्या योजनेसाठी) महसूल खात्याची मान्यता वेगळी घ्यावी लागते, मग करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स मिळतात.

पेटी वाजवणाऱ्या विद्यार्थ्याला मानधन देऊ नका, त्याच्या विद्यार्थी व्हिसावर असा स्वतंत्र व्यवसाय चालत नाही. भारतातून पगारी पाळक बोलवायचे असतील तर ‘मिनिस्टर ऑफ रिलिजन’ हा वेगळा व्हिसा आहे, आणि त्यासाठी संस्थेकडे स्पॉन्सर लायसन्स (परदेशातून माणूस कामावर बोलवण्याचा सरकारी परवाना) लागतं.