आप्पा, मधला रकाना लेकीला लिहू द्या

प्रश्न : बाई, मी निवृत्त हवालदार, सातारा तालुक्यातला. २००९ साली पलटणीबरोबर दक्षिण लेबनॉनला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होतो. इस्रायलच्या बाजूला निळी पिंपं रोवलेली, त्या रेषेवर नजर ठेवायची. आमचे जनावरांचे डॉक्टर गावातल्या शेळ्या-मेंढ्या तपासायचे, लोक आम्हाला चहा पाजायचे. आता टीव्हीवर गाझा बघून नववीतली धाकटी लेक विचारते, ‘तुम्ही जाऊन काय उपयोग झाला? आणि शाळेत शांतता शिकवून लढाई थांबते का?’ मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर : आप्पा, उपयोग झाला. ज्या दिवशी तुमच्या चौकीसमोर गोळी सुटली नाही, त्या दिवशी गावातल्या मेंढ्या चरून धड घरी आल्या. हे तिला आधी सांगा.

पण शांतिसेना वेळ मिळवून देते, भांडण मिटवत नाही. इस्रायल आणि इजिप्त यांच्यातल्या १९५६च्या सुवेझ युद्धानंतर गाझा आणि इजिप्तच्या सिनाईत अशीच सेना उभी राहिली, तिच्यात आपले जवान होते. १९६७च्या मे महिन्यात इजिप्तने तिला निघून जायला सांगितलं. जूनमध्ये इस्रायल आणि अरब देशांत युद्ध पेटलं आणि आपले काही जवान त्यात मारले गेले. मध्ये दहा वर्षं मिळाली होती. तेवढ्या काळात इस्रायली आणि अरब पोरांना एकमेकांविषयी काय शिकवलं गेलं, हा प्रश्न मी इतिहास शिकवत असल्यापासून मला छळतो.

पुढे दान बार-ऑन हे इस्रायली मानसशास्त्रज्ञ आणि सामी अदवान हे पॅलेस्टिनी शिक्षणतज्ज्ञ यांनी दोन्हीकडचे शिक्षक एकत्र बसवून इतिहासाचं एक पुस्तक केलं. पानावर तीन रकाने. एकात इस्रायलींची हकिगत, दुसऱ्यात पॅलेस्टिनींची. १९४८ साल एकाला स्वातंत्र्ययुद्ध, तर दुसऱ्याला ‘नकबा’, म्हणजे महासंकट; सुमारे सात लाख माणसं घरादाराला मुकली. मधला रकाना कोरा, तो मुलांनी भरायचा. दोन्हीकडच्या शिक्षण खात्यांनी त्याला मान्यता दिली नाही. मला त्याचा आजही राग येतो.

तो कोरा रकाना मी आठवीच्या वर्गात वापरला होता. विषय आमच्याच दोन वाड्यांचा, विहिरीच्या पाण्यावरून बोलणं तुटलेलं. दोन्ही बाजू पोरांनी तावातावाने लिहिल्या. एका मुलाने मात्र मधे फक्त सात नावं लिहिली. ती विहीर ज्यांनी मिळून खणली, त्या दोन्ही वाड्यांतल्या म्हाताऱ्यांची. घरी आजीला विचारून आणली होती. वर्ग गप्प झाला.

भांडण त्याने मिटलं नाही, आप्पा. पण आमच्या दोन्ही वाड्यांच्या हातात निदान सातबारा होता, तालुक्याला दाद मागता येत होती. वेस्ट बँक या भागातलं पॅलेस्टिनी पोर १९६७पासूनच्या इस्रायली लष्करी ताब्यात जन्मतं, शाळेला जाताना बंदूकवाल्यांचं नाकं ओलांडतं. त्याला हक्क मिळाल्याशिवाय नुसतं ‘समजून घे’ म्हणणं हा अन्याय आहे. आणि इस्रायली पोर बॉम्बच्या भोंग्याला घाबरून तळघरात पळतं, तीही भीती खरीच.

तरी जेरुसलेममध्ये एक शाळा आहे, जिथे ज्यू आणि अरब मुलं हिब्रू-अरबीत एकत्र शिकतात. २०१४ साली तिथला पहिलीचा वर्ग पेटवून दिला गेला. शाळा बंद पडली नाही.

लेकीला वहीचं पान दोन ठिकाणी दुमडून तीन रकाने करायला सांगा. दोन रकाने दोघे मिळून वाचून भरा, त्यात मेंढ्यांचीही गोष्ट येऊ द्या. मधला तिचा. तिथे तिने काय लिहिलं, ते मला जरूर कळवा.